विहिरीवरची मोटर आणि हातची विद्या

थ्री फेज वीज दिवसा येईल की मध्यरात्री, याचा भरवसा नसलेल्या आपल्या बीदरच्या मुलखात शेतकऱ्याने मोटरच्या पेटीत ‘ऑटो स्विच’ नावाचा एक जिन्नस बसवून घेतला, आणि त्यायोगे रात्री दोन वाजता हातात बॅटरी घेऊन साप-विंचवांच्या वाटेने विहिरीपर्यंत चालत जाण्याच्या दिव्यातून आपली सुटका करून घेतली, ही गोष्ट मानवी बुद्धीला साजेशीच झाली. वीज आली की हा जिन्नस आपण होऊन स्टार्टरला आज्ञा देतो. धनी घरी निजलेला असतो आणि पाणी पाटाने वाहू लागते. तरीही सीमेपलीकडे महाराष्ट्रात उदगीर-लातूरच्या बाजूस महावितरण कंपनी वर्षानुवर्षे पत्रके काढून शेतकऱ्यांस विनवीत आली आहे की, हे ऑटो स्विच काढून टाका आणि मोटरला कपॅसिटर बसवा. शेतकरी पत्रक वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो, आणि स्विच होता तेथेच राहतो. वीज कंपनी शेतकऱ्यास अडाणी समजते, शेतकरी कंपनीस निर्दय समजतो; आणि ज्या डीपीवरून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरून, हा सारा कलह माजतो ती डीपी ऐन हंगामात जळून जाते.

या कलहाचे अंकगणित फारसे अवघड नाही, परंतु ते कोणी कोणास सांगत नाही म्हणून येथे सांगतो. पाच अश्वशक्तीची मोटर नीट चालू असताना प्रत्येक फेजवर सुमारे सात अँपिअर प्रवाह घेते; परंतु सुरू होण्याच्या क्षणी, फिरता भाग अद्याप स्थिर असल्यामुळे, तोच प्रवाह पाच ते सात पट होतो. एका १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीवर अशा पंधरा मोटरी आहेत असे धरा. चालू स्थितीत त्यांची एकंदर मागणी शंभर-सव्वाशे अँपिअरच्या आत राहते, आणि १३३ अँपिअर पेलण्यास समर्थ असलेली डीपी ती निमूटपणे पुरविते. मात्र वीज आल्याबरोबर पंधराही ऑटो स्विच एकाच क्षणी जागे झाले, म्हणजे मागणी सहाशे अँपिअरच्या वर जाते, दाब खाली बसतो, दाब बसल्यामुळे मोटरींना वेग घेता येत नाही, वेग न आल्यामुळे त्या अधिकच काळ अधिकच प्रवाह ओढीत राहतात, आणि मग फ्यूज उडतो किंवा वेटोळे जळते. पंधरा शहाण्या माणसांच्या पंधरा सोयी मिळून एक सार्वजनिक आपत्ती तयार होते. कर्नाटक सरकारचे धोरण शेतीपंपांस दिवसाकाठी सात तास थ्री फेज वीज देण्याचे आहे. ते सात तास कधी एका खेपेस, कधी तुकड्यांनी येतात, आणि जितके तुकडे अधिक तितके हे एकसमयी धक्केही अधिक, हे वेगळे सांगावयास नको.

आता प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे की, या प्रश्नाचे उत्तर हुकमाने मिळण्यासारखे नसले, तरी बारावी नापास झालेल्या परंतु हात चालू असलेल्या एखाद्या मुलाच्या बाकावर ते शंभर-दोनशे रुपयांच्या सुट्या भागांत बसविता येण्याजोगे आहे. वीज येताच मोटर सुरू करण्याऐवजी काही काळ थांबून सुरू करावी, आणि प्रत्येकाने निराळा काळ थांबावे, एवढाच त्या उत्तराचा सारांश. यासाठी ५५५ नावाची आठ पायांची एक आयसी बाजारात मिळते. हान्स कॅमेंझिंड या स्विस अभियंत्याने १९७१ साली सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी तिची रचना केली. पुढील वर्षी ती विक्रीस आली, आणि अर्धे शतक उलटून गेले तरी तिची मागणी आटलेली नाही. तिला एक रोधक आणि एक धारित्र, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एक रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटर, जोडला की रोधकातून झिरपणाऱ्या प्रवाहाने धारित्र हळूहळू भरते, त्याचा दाब पुरवठ्याच्या दोन-तृतीयांशापर्यंत चढला की आयसीची स्थिती पालटते, आणि हा काळ दोहोंच्या गुणाकाराच्या १.१ पट भरतो. शंभर मायक्रोफॅरडच्या धारित्रास ४७० किलोओहमचा रोधक लावला तर सुमारे ५२ सेकंद, एक मेगाओहमचा लावला तर ११० सेकंद, २.२ मेगाओहमचा लावला तर चार मिनिटे. धारित्रावर छापलेला आकडा प्रत्यक्षात वीस टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असू शकतो. प्रयोगशाळेत हा दोष मानला जातो, परंतु येथे तो उपकारकच, कारण दोन शेजाऱ्यांनी चुकून सारखाच रोधक घेतला तरी त्यांच्या मोटरी बहुधा एकाच क्षणी उठत नाहीत.

आयसी स्वतः मोटर चालवीत नाही, हे शिकणाऱ्याने आरंभीच ध्यानी घ्यावे. ती एका लहानशा बारा व्होल्टच्या रिलेस हलविते, रिले स्टार्टरमधील कॉईलचा मार्ग जोडतो, आणि मोटरचा खरा भार स्टार्टरच पेलतो. रिलेच्या कॉईलवर उलटा डायोड बसविण्यास विसरले, तर प्रवाह तुटताक्षणी त्या कॉईलमध्ये उठणारा दाबाचा झटका आयसीचा प्राण घेतो. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत लिहिलेली असते आणि परीक्षेत तिला दोन गुण असतात; ज्याच्या बाकावर एक आयसी अशी निकामी झाली त्याला ती पुन्हा वाचावी लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की, विलंब देणारे तयार ऑटो स्विच बाजारात मिळतात, मग घरी बनविण्याचा खटाटोप कशासाठी? आक्षेप रास्त आहे, आणि ज्याला केवळ मोटर चालवावयाची आहे त्याने तयार वस्तू खुशाल घ्यावी. परंतु तयार पेटीत विलंबाचे बटण कशासाठी दिले आहे हे घेणाऱ्यास उमगलेले नसेल, तर तो ते शून्यावर फिरवून ठेवतो, कारण त्याच्या दृष्टीने उशीर म्हणजे फुकट गेलेले पाणी. पेटीच्या बाहेर, डीपीपर्यंत आणि डीपीवरील इतर चौदा खातेदारांपर्यंत ज्याची दृष्टी पोहोचते, तोच ते बटण योग्य जागी ठेवील. आणि ही दृष्टी वस्तू विकत घेतल्याने येत नाही, ती वस्तू एकदा तरी आपल्या हाताने जुळविल्याने येते, असा आमचा अनुभव आहे.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नीती आयोगाने २०१६ पासून शाळांतून अटल टिंकरिंग लॅब उघडण्याची योजना चालविली असून निवडलेल्या शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले जाते. आर्डुइनो नावाचा जो निळा बोर्ड आज सहावी-सातवीच्या मुलांच्या हाती दिसतो, तो २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी, अभियंता नसलेल्या विद्यार्थ्यांनाही यंत्रे जुळविता यावीत या हेतूने जन्मास आला. हेतू स्तुत्य, साधन उत्तम. परंतु आपल्याकडे त्याचे जे झाले आहे ते पाहून विषाद वाटतो. संचातील तारा चित्रात दाखविल्याप्रमाणे खुपसावयाच्या, तयार प्रोग्राम उतरवून घ्यावयाचा, टाळी वाजविली की दिवा लागला म्हणजे पाहुण्यांनी टाळ्या वाजवावयाच्या, आणि प्रदर्शन संपले की संच कपाटात जाऊन किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये! दिवा का लागला हे त्या मुलास विचारू नये. आणि न लागला असता तर कोठे मीटर लावून पाहिले असतेस, हे तर मुळीच विचारू नये. डिप्लोमाच्या वर्गांतही थोड्याबहुत फरकाने हाच प्रकार चालतो: प्रयोगाची वही सुवाच्य, आलेख सुबक, आणि सोल्डरिंगची कांब मात्र तीन वर्षांत तीनदा तापलेली.

आमच्या मते या विद्येचा आरंभ नव्या संचाने करूच नये; बिघडलेल्या वस्तूने करावा. नऊ वॅटचा बंद पडलेला एलईडी बल्ब घ्या, त्याचे पांढरे टोपण उचकटा, आणि आतील चकतीवरील पिवळ्या ठिपक्यांकडे निरखून पाहा. बहुधा एका ठिपक्यावर काळा डाग आढळेल. सारे ठिपके एकापुढे एक, एकाच माळेत ओवलेले असल्यामुळे एक तुटताच सारी माळ अंधारली आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर ‘एकसर जोडणी’ या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. ठिपके शाबूत असतील तर मागील लहान बोर्डावरचे धारित्र उष्णतेने फुगलेले आहे काय ते पाहावे. त्यानंतर मोबाईलचा चार्जर, मग जुना रेडिओ, मग घरातील इन्व्हर्टर, या क्रमाने चढत गेलेल्या मुलास मीटर हेच पाठ्यपुस्तक होते. तो ओहम कोठे मोजावे आणि व्होल्ट कोठे, सर्किट चालू असताना काय मोजावे आणि बंद असताना काय, हे बोटांनी जाणू लागतो. आणि ज्याला बिघाड शोधता येतो त्याला रचना करणे फारसे जड जात नाही.

महाराष्ट्रात हा मार्ग कोणी चालून दाखविला आहे काय, असे विचाराल तर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावाकडे बोट दाखवावे लागेल. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मान्यवर शास्त्रज्ञ. मुंबईत राहून निवृत्तीचे दिवस सुखाने घालविण्याची सर्व सोय असताना हे गृहस्थ १९८३ साली पाबळला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेत नापास ठरलेल्या मुलाची बुद्धी मंद नसते, तिला हाताचे काम मिळालेले नसते, या एका सिद्धांतावर त्यांनी उभारणी केली. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष कामाला देतात: वेल्डिंग, बांधकाम, विजेची फिटिंग, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया. केलेले काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे आणि त्याचे मोल गावाने दिले पाहिजे, ही त्यांची अट आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते. कारण शिक्षकाने दिलेले गुण खोटे असू शकतात, परंतु शेजाऱ्याने कनवटीचे काढून दिलेले पैसे सहसा खोटे नसतात.

या पाबळात २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकाच्या आज्ञेने पत्रा, लाकूड, प्लॅस्टिक कापणारी आणि सर्किटचे बोर्ड कोरणारी यंत्रे ज्या कार्यशाळेत सामान्य माणसास वापरावयास मिळतात, तिला हे नाव आहे. आणि एमआयटीबाहेर जगात अशी जी अगदी पहिली कार्यशाळा निघाली ती बोस्टनच्या उपनगरात किंवा बंगळुरूत निघाली नाही, पाबळात निघाली. २००३ साली कलबाग निवर्तले. त्यांचे काम चालू आहे. त्या कामातील एका साधनाचा उल्लेख येथे मुद्दाम करतो, कारण ते आम्हां नौबादकरांच्या विशेष कामाचे आहे. भूगर्भातील पाण्याचा अदमास घेण्यासाठी आश्रमातील मंडळी भूरोधमापक वापरतात. जमिनीत एका ओळीत सारख्या अंतरावर चार सळया रोवावयाच्या, बाहेरील दोन सळयांतून प्रवाह सोडावयाचा आणि आतील दोन सळयांमधील दाब मोजावयाचा. सळयांमधील अंतर वाढवीत गेले म्हणजे मापन अधिकाधिक खोल थरांचे होत जाते, आणि कोरडा कठीण खडक व पाणी धरलेला थर यांच्या रोधातील फरक आकड्यांत उतरतो. बोअर मारण्यापूर्वी नारळ हातात घेऊन शेत फिरणाऱ्या पाणाड्यास आपण जी दक्षिणा देतो, तीत अशा यंत्राचा बराचसा खर्च निघून यावा.

नौबादच्या विशेष कामाचे म्हणालो, ते उगाच नव्हे. बीदरला लागून असलेल्या या आमच्या वस्तीखालून बहमनी अमदानीतील, पंधराव्या शतकातील, भुयारी कालवा गेला आहे, ज्याला करेझ असे म्हणतात. इराणी पद्धतीचा हा मार्ग तीन किलोमीटरहून अधिक लांब असून त्याच्यावर एकवीस उभे कूप आहेत. येथील जांभा दगड सच्छिद्र. त्यातून पाझरणारे पाणी खालच्या काळ्या कातळाशी येऊन अडते. ही गोष्ट त्या काळच्या कारागिरांस ठाऊक होती, आणि त्यांनी जांभ्यातून इतक्या बेताचा उतार काढला की कोणत्याही पंपावाचून, कोणत्याही डीपीवाचून, केवळ गुरुत्वाकर्षणाने पाणी वाहून यावे. उतार अधिक झाला असता तर भुयार धुपले असते, कमी झाला असता तर पाणी तुंबले असते. आज त्याच जांभ्यात आपण शेकड्यांनी बोअर पाडतो, कोणते कोरडे जाईल हे दैवावर सोपवितो, आणि लागलेले पाणी उपसण्यासाठी रात्री दोनच्या विजेची वाट पाहतो. आमचे पूर्वज मोजून खणीत होते, एवढे तरी आम्ही ओशाळून मान्य केले पाहिजे.

बीदरच्या कारागिराच्या हाताला सरकारदरबारी मान नाही असेही नाही. जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून बसविणाऱ्या, आणि किल्ल्यातील मातीच्या लेपाने ते भांडे काळे करणाऱ्या बिदरी कलेचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि साऱ्या जिल्ह्याने ती आपलीच मानली. परंतु बसस्थानकाजवळच्या टपरीत भिंगाखाली मोबाईलच्या बोर्डावर केसाएवढी तार डाखणाऱ्या मुलास आपण ‘रिपेरिंगवाला’ म्हणतो, त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करतो, आणि आपला मुलगा त्याच्याकडे उमेदवारीस बसला तर घराण्याची बेअब्रू झाली असे समजतो. हाताची सूक्ष्मता दोघांचीही सारखीच. एकीला वारसा हे नाव मिळाले आणि दुसरीला मिळाले नाही, इतकाच भेद.

सीमाभागाची एक अडचण मान्य केली पाहिजे. भालकी-औराद-बसवकल्याणकडील मराठी शाळेतून बाहेर पडलेला मुलगा कानडी दफ्तर, इंग्रजी पुस्तक आणि उर्दू-दखनी बाजार यांच्यामध्ये उभा असतो. सुटे भाग घेण्यास त्याला हैदराबादेस कोठीच्या गुजराती गल्लीत जावे लागते, आणि दुकानदारास भागाचा नंबर सांगता आला नाही तर हात हलवीत परतावे लागते. घरपोच मागविण्याची सोय आता झाली आहे. परंतु आठ आण्यांच्या रोधकासाठी पन्नास रुपये हशील कोण भरणार? पाच-दहा जणांनी मिळून यादी करावी आणि एकानेच जावे, हा जुना तोडगाच अद्याप स्वस्त पडतो.

जोखमीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात लिहिलेल्या लेखांत ती हटकून गाळली जाते. घरातील २३० व्होल्ट आणि विहिरीवरील ४१५ व्होल्ट नवशिक्याला दुसरी संधी देत नाहीत. पहिले वर्ष बॅटरीच्या पाच-बारा व्होल्टवरच काढावे. एलईडी बल्बाचा बोर्ड थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो, म्हणून तो होल्डरमधून काढल्याशिवाय उघडू नये आणि उघडा असताना पेटवून पाहू नये. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीस, प्लग काढल्यावरही, हजारो व्होल्टचा दाब धरून ठेवण्याची खोड आहे. त्याच्या वाटेस एकट्याने जाऊ नये. स्टार्टरच्या पेटीतील जोडणी परवानाधारक वायरमनच्या देखरेखीखालीच करावी, आणि साध्या सोल्डरमध्ये शिसे असते म्हणून काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीस हात लावू नये. इतके पाळूनही एखादी आयसी जळेल, एखादे बोट पोळेल. तेवढे चालते.

आता पुन्हा विहिरीवरच्या मोटरीकडे वळतो. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे जे साधन तयार केले, त्याच्या मुळाशी मोटर चालू करण्यासाठी रात्रीबेरात्री शेताकडे जाणाऱ्या आपल्या आजोबांचे हाल होते. शेतकऱ्याने मोबाईलवरून फोन लावावा, विहिरीवर वीज आहे की नाही हे आवाजाने कळावे, आणि घरबसल्या मोटर चालू-बंद करता यावी, अशी त्याची योजना. त्यात मोबाईल होता, रिले होता, तर्कशास्त्राचे थोडे सर्किट होते; यांपैकी कोणतीही वस्तू जगात प्रथमच निर्माण झाली नव्हती. नवीन होते ते एवढेच की, ज्याला सर्किट येत होते त्यालाच आजोबांची पायपीट दिसत होती. आपल्याकडे पायपीट पाहणारे पुष्कळ आहेत, सर्किट जाणणारेही कॉलेजांतून दरसाल बाहेर पडतात. परंतु हे दोन्ही एकाच माणसात फार क्वचित एकत्र येतात, कारण सर्किट शिकलेला मुलगा पहिल्या गाडीने हैदराबादेस किंवा पुण्यास निघून जातो.

तेव्हा बीदर जिल्ह्यातील आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या चालकांस आमची विनंती अशी की, सायंकाळी पाचनंतर कुलूप पडणारी एक प्रयोगशाळा त्यांनी आठवड्यातून दोन दिवस गावातील कोणाही मुलामुलींसाठी उघडी ठेवावी. प्रवेशास दाखला मागू नये. सोबत एक बिघडलेली वस्तू आणणे हीच प्रवेशाची अट ठेवावी. शिकविण्यास बाजारातील एखाद्या अनुभवी मेकॅनिकास मानाने बोलवावे आणि त्याला प्राध्यापकाइतके नाही तरी पोटापुरते मानधन द्यावे. आणि ज्या शेतकरी बंधूंच्या पेटीत आजही ऑटो स्विच आहे, त्यांनी या प्रयोगशाळा उघडण्याची वाट न पाहता आपल्या डीपीवरील सर्व खातेदारांस रब्बीची पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी एकत्र बसवावे, कोणी अर्ध्या मिनिटाने, कोणी एका मिनिटाने, कोणी चार मिनिटांनी मोटर उठवावयाची याची वाटणी करून घ्यावी, आणि ती यादी पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावी.